कालव्यावरचं बिऱ्हाड

येत्या सप्टेंबरात आम्ही फ्रान्सला कालव्यावर आठ दिवस राहायला जाणार आहोत, असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "कालव्यावर? म्हणजे काठावर का?" त्याचा दोष नाही. कालवा म्हटलं की आपल्या बेळगाव-धारवाडकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे येतो घटप्रभेचा नाहीतर मलप्रभेचा कालवा. पाण्याची पाळी, ऊस, पाटकऱ्याशी हुज्जत आणि पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी. त्या पाण्यावर स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि चार झोपायच्या खोल्या असलेली बोट भाड्याने घेऊन, ती आपणच चालवत, गावोगाव मुक्काम करत जायचं हे पटकन डोक्यात शिरत नाही. माझ्याही शिरलं नव्हतं.

ही कल्पना आमच्या व्याह्यांची. व्याही धारवाडचे, कन्नड घरातले, कर्नाटकाच्या पाटबंधारे खात्यात इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. आमचा मुलगा आणि त्यांची मुलगी तुलूजला विमानांच्या कारखान्यात नोकरीला आहेत. नातू सहा वर्षांचा. तो मला 'आजी' म्हणतो आणि विहीणबाईंना 'अज्जी', आणि एका अक्षराच्या फरकाने दोघींना बरोबर ओळखतो. बापाशी मराठी, आईशी कन्नड, शाळेत फ्रेंच. व्याह्यांनी त्याचं घर अजून पाहिलेलं नाही. दरवर्षी काही ना काही निघत गेलं, आणि गेल्या वर्षी त्यांना पार्किन्सनचं निदान झालं.

हुबळीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "जायचं तर यंदा जा. पुढच्या वर्षीचं मी आज बोलत नाही." त्यावर मुलाने आधी नेहमीची यात्रा सुचवली: पॅरिस, स्वित्झर्लंड, बस, आणि पुढे झेंडा धरून पळणारा गाईड. व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ब्याडरी. मला आता बसमागे पळता येत नाही. मला रिकेचा कालवा दाखवा."

हा रिके कोण? पिएर-पॉल रिके हा सतराव्या शतकातला फ्रान्सच्या दक्षिण भागातला माणूस. धंदा मिठावरचा कर गोळा करण्याचा. इंजिनिअरिंगचं रीतसर शिक्षण नाही. अटलांटिक आणि भूमध्य हे दोन समुद्र कालव्याने जोडले तर जहाजांना स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमधून जावं लागणार नाही, हा विचार जुनाच होता. पण मधली जमीन उंच. त्या उंचवट्यावर कालव्याला पाणी आणायचं कुठून, इथे सगळ्यांचं घोडं अडायचं. रिकेने ते पाणी काळ्या डोंगराच्या ओढ्यांतून चर खणून नोरूझच्या खिंडीत आणून सोडलं. तिथून अर्धं पाणी एका समुद्राकडे, अर्धं दुसऱ्याकडे. उन्हाळ्याची बेगमी म्हणून सँ-फेरेओलला मोठं धरण बांधलं. चौदाव्या लुईने १६६६ साली हुकूम काढला, आणि पन्नाशी उलटलेला हा माणूस कामाला लागला. कामाच्या ऐन भरात सुमारे बारा हजार माणसं राबत होती आणि त्यात बायका पुष्कळ होत्या. पिरेनीज डोंगरातल्या गावच्या या बायकांना पाणी उताराने कसं खेळवायचं याची पिढीजात जाण होती, असं आता अभ्यासक सांगतात. रिके मजुरांना आजारपणाचे आणि सुट्टीच्या दिवसांचेही पैसे देई. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

तुलूजपासून भूमध्य समुद्राजवळच्या तो नावाच्या खाजणापर्यंत २४० किलोमीटरचा हा कालवा मे १६८१ मध्ये सुरू झाला. रिके त्याआधी काही महिने, ऑक्टोबर १६८० मध्ये वारला. पदरचा पैसा ओतलेला, कर्ज वारसांच्या डोक्यावर. आमच्या ह्यांनी लगेच हिशोब मांडला, की १६८० म्हणजे शिवाजी महाराज गेले तेच वर्ष. इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा तिकडे या कालव्याची खोदाई चालू होती. व्याही आणि आमचे हे यांचं एका विषयावर कधी जमत नाही, तो कोणता हे बेळगावकरांना सांगायला नको. पण या तारखांवर दोघे तासभर रंगले. १९९६ साली युनेस्कोने या कालव्याला जागतिक वारशात घेतलं. मालाच्या बोटी केव्हाच गेल्या, आता फिरतात त्या सहलीच्या.

तर, कालवा ठरला. 'कानाल द्यु मिदी' त्याचं नाव. खरं कठीण काम इथून पुढे होतं.

पहिली शंका सगळ्यांची एकच: बोट चालवणार कोण? परवाना? तर फ्रान्समध्ये सहलीच्या भाड्याच्या बोटीला परवाना लागत नाही. बोट ताब्यात देताना कंपनीचा माणूस तासभर शिकवतो, थोडं चालवून घेतो आणि तेवढ्या दिवसांपुरतं एक कार्ड देतो. वेगाची मर्यादा ताशी ८ किलोमीटर, म्हणजे बोट झपझप चालणाऱ्या माणसाच्या थोडी पुढे. काठाने सायकलवरचा नातू आपल्याला मागे टाकणार हे धरून चाला. 'निधान' हा आमच्या विहीणबाईंचा आवडता शब्द. स्वयंपाकात, बोलण्यात, रस्ता ओलांडताना, सगळीकडे 'निधान'. हा वेग ऐकून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं. तोवर त्या ठाम विरोधात होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. घरात सपाट फरशीवर माणूस अडखळतो, तो हलत्या बोटीवर काय करील?

या प्रश्नाला उडवून लावून चालणार नव्हतं. म्हणून मग आम्ही दोघींनीच तो हातात घेतला.

पहिला अडथळा लॉकचा. लॉक म्हणजे कालव्याच्या पायऱ्या. दोन दारांमधला हौद. बोट आत शिरली की मागचं दार बंद होतं, पाणी भरतं नाहीतर ओसरतं, बोट वर चढते किंवा खाली उतरते, मग पुढचं दार उघडतं. रिकेने हे हौद अंडाकृती बांधले, कारण सुरुवातीच्या एका सरळ भिंतीच्या हौदाची भिंत मातीच्या दाबाने ढासळली होती. कमानीसारखी वळलेली भिंत तो दाब पेलते. व्याह्यांना हे सांगावं लागलं नाही, चित्र बघूनच ते म्हणाले. या कालव्यावर साठाहून अधिक लॉक आहेत आणि दिसायला ते फार सुंदर, पण काम अंगमेहनतीचं. चढणीच्या लॉकमध्ये पाणी जोरात आत येतं, बोट डुचमळते. एकाने आधी काठावर उतरून दोर खुंट्याला वेढायचा, दुसऱ्याने बोटीवरून तो ताणून धरायचा. आणि उतरणीच्या लॉकमध्ये दोर कधीही गाठ मारून बांधायचा नाही. पाणी खाली गेलं की बोट दोराला लोंबकळते. हात थरथरणाऱ्या माणसाला या गडबडीत उभं करणं शहाणपणाचं नव्हे. शिवाय उन्हाळ्यात लॉक साधारण सकाळी नऊला उघडतात, दुपारी जेवणाला बंद होतात आणि संध्याकाळी सातच्या सुमारास दिवस संपतो. म्हणजे घड्याळाशी शर्यत आलीच.

नकाशा घेऊन बसलो तेव्हा उत्तर तिथेच होतं. कालव्याच्या पूर्वेकडच्या भागात आर्जां गावच्या लॉकपासून बेझिए शहराच्या वेशीवरच्या फोन्सरानपर्यंत, सुमारे ५४ किलोमीटर, एकही लॉक नाही. रिकेने डोंगराच्या कडेकडेने एकाच पातळीवर पाणी वळवत नेलंय. नकाशात तो भाग जिलबीसारखा दिसतो. याच पट्ट्यात ल सोमाय नावाचं लहानसं गाव आहे. दगडी कमानीचा जुना पूल, देऊळवजा चॅपेल, आणि जुन्या पुस्तकांचं प्रचंड दुकान. तिथे बोटी भाड्याने मिळतात. तिथून पश्चिमेला आर्जां सुमारे १४ किलोमीटर, पूर्वेला फोन्सरान सुमारे ४०. सात दिवसांत दोन्हीकडे जाऊन परत येता येतं, तेही रोज तीन-चार तासच बोट चालवून. पहिल्या टोकाला मी 'सगळा कालवा' बघायच्या हट्टात होते. तुलूज, कार्कासॉनचा किल्ला, सगळं. पण मुलाकडून कार्कासॉन गाडीने एका दिवसात होतं, त्यासाठी बोट कशाला?

आणि या ५४ किलोमीटरांत बघायला कमी नाही. रेप्युद्र ओढ्यावरून कालवा जातो तो पूल १६७६ सालचा, म्हणजे पाण्याच्या पुलावरून बोट आणि खाली ओढा. पुढे मालपासचा बोगदा, साधारण पावणेदोनशे मीटर लांब. बोटीसाठी डोंगरातून काढलेला जगातला हा पहिला कालव्याचा बोगदा मानतात. डोंगर ठिसूळ निघाला म्हणून काम थांबवायचा हुकूम येऊ घातला होता, रिकेने घाईने आरपार खोदून दाखवला. गंमत अशी की त्याच डोंगराच्या पोटात कालव्याखालून रेल्वेचा बोगदा जातो आणि त्याच्याही खालून तेराव्या शतकातला एक चर, ज्यातून शेजारच्या मोंतादी तळ्याचं पाणी काढून तिथे शेती केली. वर एन्सेरूनच्या टेकडीवरून बघितलं की त्या कोरड्या तळ्यातली शेतं सूर्याच्या किरणांसारखी मध्यातून फाकलेली दिसतात. मधोमध चर, सगळ्या शेतांचं पाणी तिकडे. "ड्रेनेजचा असा नकाशा मी खात्यात असताना दाखवला असता तर वेड्यात काढलं असतं," असं व्याही म्हणतात. टेकडीवर गाडी जाते, याची खात्री मुलाने करून घेतली आहे. फोन्सरानला आठ हौदांची जी प्रसिद्ध माळ आहे, सुमारे साडेएकवीस मीटर उंचीची, तिच्यातून बोट न्यायची नाही. अलीकडे कोलोंबिए गावात बोट बांधून टॅक्सीने जायचं आणि काठावर खुर्ची टाकून इतरांच्या बोटी उतरताना बघायच्या. दोर त्यांचे, आरडाओरडा त्यांचा, मजा आमची.

आता बोट. कंपन्यांच्या पुस्तिकांत सगळ्या बोटी सारख्याच चकचकीत दिसतात. आम्ही मुलाला सात प्रश्न लिहून दिले आणि उत्तरं लेखी मागितली. आतल्या पायऱ्या किती आणि केवढ्या उंच? एक तरी खोली आणि संडास बैठकीच्याच पातळीवर आहे का? न्हाणीत धरायला दांडा आहे का? सुकाणू आत बसून चालवता येतं की फक्त वरून? कठडा किती उंच? काठावर उतरायला फळी मिळते का? आणि मोठ्या माणसाच्या मापाची तरंगणारी जाकिटं सात मिळतील का? एका कंपनीने नुसता भाव पाठवला. दुसऱ्या एका छोट्या कंपनीच्या बाईंनी बोटीच्या आतले फोटो काढून, पायरीवर फूटपट्टी ठेवून पाठवले. बोट कुणाची घ्यायची हे विहीणबाईंनी त्या फूटपट्टीवरून ठरवलं.

पार्किन्सनच्या माणसाचं एक असतं, ते ज्यांच्या घरी आहे त्यांनाच ठाऊक. उंबरठ्यावर, अरुंद दारात पाय एकदम जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मनात असतं, पाऊल उचलत नाही. विहीणबाईंनी घरात प्रत्येक दारापुढे जमिनीवर पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या आहेत. ती रेघ ओलांडायची म्हटलं की पाऊल निघतं. तशाच पट्ट्यांचं एक बंडल सामानात पहिलं गेलं आहे. कंपनीच्या बाईंना विचारलं, चिकटवलेलं चालेल का, तर म्हणाल्या जाताना काढून टाका म्हणजे झालं.

औषधांचं डॉक्टरांकडून तक्ता करून घेतला. सप्टेंबरात तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं आणि या गोळ्यांना वेळ चुकलेली चालत नाही. विमानात किती वाजता काय घ्यायचं ते कन्नडमध्ये लिहून पासपोर्टाबरोबर ठेवलंय, आणि औषधांची मूळ नावं इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी वेगळी. गोळ्या दोन ठिकाणी विभागून, दोन्ही हातातल्या पिशव्यांत.

व्हिसा शेंगेनचा, बेंगळूरला जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. फी मोठ्या माणसाला ९० युरो (जून २०२४ पासून), केंद्राचे पैसे वेगळे. किमान ३० हजार युरोचा आरोग्यविमा सक्तीचा, आणि आधीचा आजार त्यात धरलाय का हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत बघून घ्या. आम्ही त्यासाठी दोन विमे नाकारून तिसरा घेतला. मुलाकडे उतरणार म्हणून त्याने तिथल्या नगरपालिकेतून यजमान असल्याचा दाखला काढून पाठवला. बोटीच्या आठवड्याला 'राहण्याचा पत्ता' काय लिहायचा यावर आमच्या घरी दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी कंपनीचं बुकिंगपत्र, ल सोमायचा पत्ता आणि रोजच्या मुक्कामाच्या गावांची यादी जोडली. खिडकीवरच्या मुलीने यादी वाचली, व्याह्यांकडे पाहिलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "अज्जा, दोणी नीवे नडसतीरेन?" म्हणजे बोट तुम्हीच चालवणार का? "हौदव्वा," ते म्हणाले. विहीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

खर्चाचं झाकून ठेवण्यासारखं काही नाही. चार खोल्यांच्या बोटीला सप्टेंबरात आठवड्याला आम्हाला अडीच हजार युरोच्या आसपास भाव आले. जुलै-ऑगस्टात तीच बोट खूप महाग, शिवाय तिकडचा उन्हाळा कडक आणि बोटीत बहुधा एसी नसतो. वर डिझेल इंजिन चालेल तेवढ्या तासांचं, अनामत वेगळी, साफसफाई आपण केली नाही तर तिचे पैसे. सात माणसांत वाटलं तर हॉटेलपेक्षा जास्त नाही. अर्धे पैसे मीच देणार, हे व्याह्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं आणि त्यावर चर्चा होऊ दिली नाही.

पुस्तिकांतल्या फोटोंवर विसंबू नका हेही सांगते. दोन्ही काठांना गर्द झाडांचा मांडव ही या कालव्याची ओळख. ती प्लेनची झाडं. त्यांना २००६ साली एक बुरशी लागल्याचं आढळलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती युरोपात आली असं मानतात. औषध नाही, झाड तोडून जाळणं एवढाच उपाय. हजारो झाडं गेली, दुसऱ्या जातींची लावली जात आहेत. तेव्हा काही ठिकाणी भर उन्हात जावं लागणार. टोप्या घेतल्या आहेत, आणि वरच्या डेकवर छत्री मिळते का हा आठवा प्रश्न नंतर कळवला.

स्वयंपाक बोटीवर गॅसवर होतो, त्यामुळे कुकर चालेल. मिक्सर मात्र काठावरची वीज जोडली तरच. म्हणून चटण्या इथूनच कोरड्या. सामान नरम पिशव्यांत न्यायचं, कडक बॅगा ठेवायला बोटीत जागा नसते. आणि एक वाईट बातमी. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यामुळे बेळगावचा कुंदा नेता येत नाही. तूपही नाही. ताजा कढीपत्ताही नाही. नारळ मात्र चालतो म्हणे! नातवाला फोनवर कुंद्याचं सांगितलं तर त्याने आजीला सोडून अज्जीला विचारलं, मग तू काय आणणार? विहीणबाईंनी कडक जोंधळ्याच्या रोट्यांचं नाव घेतलं. महिनाभर टिकतात, तुटल्या तरी आमटीत चुरता येतात. शंभर रोट्या धारवाडहून, शेंगाचटणी आणि मेतकूट आमच्याकडून.

कोण कुठे झोपणार हे ठरलंय. एकच गोष्ट बाकी आहे, सुकाणूची. व्याह्यांचा उजवा हात दुपारच्या गोळीनंतर दीड-दोन तास अगदी स्थिर असतो. त्या वेळेत, लॉक नसलेल्या सरळ पाण्यात, मुलगा शेजारी उभा राहील या अटीवर त्यांना चालवू द्यावं असं डॉक्टरांचं मत पडलं. विहीणबाई अजून हो म्हणालेल्या नाहीत. नाहीही म्हणालेल्या नाहीत. परवा फोनवर त्यांनी मला एवढंच विचारलं, की तो मालपासचा बोगदा आपल्या रोजच्या वेळापत्रकात किती वाजता येतो. मी नकाशा पाहून सांगितलं, कापेस्ताँहून सकाळी नऊला निघालो तर दुपारच्या जेवणाआधीच येतो. "मग अकराला निघू," त्या म्हणाल्या.